नवा काढून नवा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तू होय! वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर फोन? जिना काय मोडलाय?… नाही नाही, येऊ नकोस. तू पायरीवर दिसलीस की हे लगेच विचारणार, काय निरोप आणलास म्हणून. फोनच बरा. बोल.

साखर? तुला साखर हवीय?… परवा तर भरलेला डबा दाखवलास मला. खरं सांग, फोन करायला कुणी लावलं?… कुणी नाही. बरं. कुणी नाही तर कुणी नाही.

हो, स्वयंपाकघरातच आहे. खिडकीशी. खिडकीबाहेर गाडी, गाडीचं तोंड उघडं आणि त्या तोंडात तुझे थोरले दीर. कमरेपर्यंत. मला इथून नुसती पँट दिसते आणि अधूनमधून एक हात येतो, काहीतरी मागतो… तो आवाज? पाना पडला. सकाळपासून सात वेळा पडला, पुढचं मोजणं मी सोडून दिलं.

हो, हो… अगं ऐक ना, पूर्ण ऐक. अल्टरनेटर बदलतायत. अल्टरनेटर! ते डबडं गं, गाडी चालू असताना बॅटरी भरत राहतं ते. ते बिघडलं की समोर लाल दिवा लागतो, बॅटरी संपते आणि गाडी भर चौकात बसकण मारते. सोमवारी मारली तशी… मला कसं कळतं काय विचारतेस! आठवडाभर जेवताना दुसरा विषय नाही. ताटाशेजारी कागद, कागदावर चित्र. ही तार इथून निघते, इथे जाते. झोपेतसुद्धा तारा जोडते मी आता.

गॅरेज? हं. परत म्हण. मोठ्यानं म्हण, ह्यांनाही ऐकू जाऊ दे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला गॅरेजमध्ये जा म्हणायचं? 'तांदळाच्या दाण्याएवढी चाकं जुळवतो मी, हे तर भांड्याएवढं आहे!' असं सकाळी झालं. आता त्या भांड्यानं घाम काढलाय.

डोळ्याला भिंग लावलंय. घड्याळाचं… हसू नकोस, खरंच. आणि माझ्या सगळ्या वाट्या गेल्या. एकेका वाटीत एकेक बोल्ट आणि चिठ्ठी. 'वरचा आखूड.' 'खालचा लांब.' एका वाटीत बोल्ट आहे आणि चिठ्ठी आहे, 'हा कुठला?'

बॅटरी? हो, तिची काळी तार आधी सोडवली. ती मी स्वतः समोर उभी राहून सोडवून घेतली. म्हटलं, बाकी वाटेल ते करा, ठिणग्या नकोत.

हो ना. भंगारवाला येतोय. चार वाजता… नाही गं, बदलणार नाहीत. ह्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. 'शनिवारी चारपर्यंत दुरुस्त झाली तर राहील, नाही तर जाईल.' आणि भाऊजींनी वरून कागदावर काय लिहून पाठवलं? 'चालेल.' वडिलांची गाडी, आणि एक शब्द!… तुला नाही गं बोलत मी. तू कशाला माफी मागतेस? तुझ्या अक्षरात नव्हतं ते.

तुला एक सांगू? मला गाडीचं मेलं काही नाही. मागचं दार आतून उघडत नाही, सीटवर बसलं की स्प्रिंग टोचते. मामंजी गेले तेव्हाच विकली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं. पण आता ती गेली तर ह्या दोघांत उरतं काय, सांग ना? चौदा महिने एक शब्द नाही बोललेले. एक आठवडा गाडी ह्यांच्याकडे, एक आठवडा भाऊजींकडे. रविवारी सकाळी किल्ली मीटरजवळच्या खिळ्याला आणि वायपरखाली चिठ्ठी. 'पेट्रोल भरले आहे.' 'डावा आरसा ढिला.' काही म्हण, आरसा ढिला आहे म्हणून का होईना, भाऊ भावाला दोन ओळी लिहीत होता. गाडी भंगारात गेली की तेही संपलं. मग एका छपराखाली दोन भाडेकरू.

आणि कशावरून, तर क्लचवरून! तू होतीस ना तेव्हा? भर पाहुण्यांत हे म्हणाले, 'धाकटा क्लच सोडतो म्हणजे दात उपटतो.' कवळ्या बनवणारा माणूस, त्याला दातावरून बोलायचं! आणि भाऊजी तरी गप्प बसले का? 'तुझ्या दुकानातली दोन घड्याळं तरी सारखी वेळ दाखवतात का?'… हो, मी हसले होते. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, रात्रीच्या जेवणापर्यंत विसरतील.

थांब हं, हाक मारतायत. काय हो?… कोण? कुणी नाही, मैत्रीण आहे माझी!… पुसायचं फडकं? ते काय, तुमच्या खांद्यावर!… हं. तर तू माझी मैत्रीण आहेस, लक्षात ठेव.

निघाला! अगं, निघाला एकदाचा! दोन्ही हातांवर घेऊन येतायत, तान्हं बाळ आणावं तसं. ठेवला… कुठे ठेवला? माझ्या भाजी चिरायच्या फळीवर! अहो, खाली पेपर तरी… गेले. परत गेले तोंडात.

पण काय गं, हा जुना केवढा चकचकीत आहे! मला वाटलं होतं, मामंजींच्या काळातला, काळाकुट्ट, तेलानं माखलेला निघेल. ह्याला डाग म्हणून नाही. खोक्यातला नवा शेजारी ठेवलाय, तर जुळी भावंडं दिसतायत. मघाशी हे पण म्हणाले, 'धाकट्यानं गाडी पुसून तरी ठेवली.' कौतुकच म्हणायचं ते. ह्यांच्या हिशेबी तर सत्कार…

हॅलो?… आहेस का?… गप्प का झालीस? लाइन गेली?

काय?

परत सांग. सावकाश सांग.

मागच्या बुधवारी?… भाऊजींनी?… कुठे?… कवळ्यांच्या लॅबमागे, दुपारच्या सुट्टीत. बरं… आणि तुला बजावलं, खाली एक अक्षर बोलायचं नाही… अगं बाई! म्हणजे हा जुना नाहीच! हाही नवा आहे! नवा काढून हे नवा बसवतायत!

मग तो लाल दिवा?… बसवल्यावरही पेटतच राहिला. आणि तरी रविवारी वायपरखाली चिठ्ठी काय, 'गाडी ठीक. हवा बघणे.' ठीक! हे सोमवारी चौकात उभे, मागे पन्नास गाड्या बोंबलतायत, वाहतूक पोलीस शिट्ट्या मारतोय, आणि खिशात चिठ्ठी, गाडी ठीक!… रडू नकोस. अगं, तुला नाही रागावत मी. तू काय करणार? नवऱ्यानं शपथ घातल्यावर बाईनं फुगून बसायचं नाही तर फुटायचं, तिसरं काय आहे?

कळतं गं मला. खरं सांगायचं तर 'मला जमलं नाही' म्हणावं लागलं असतं. तेही मोठ्या भावाला. भाऊजींना ते मेल्याहून मेल्यासारखं. आणि ह्यांना तरी म्हणायला लाव बरं, 'मला जमलं नाही'? एकाच माळेचे मणी.

आता काय करायचं? सांगू ह्यांना?… सांगितलं तर त्या चिठ्ठीवरून आगडोंब. नाही सांगितलं तर हाही बसवतील, दिवा लालचा लाल, आणि चारला भंगारवाला दोर घेऊन दारात. इकडे आड, तिकडे विहीर.

भाऊजी आहेत कुठे?… गॅलरीत? कधीपासून?… अकरापासून! काय करतायत?… चादरीमागे? वाळत घातलेल्या चादरीमागे उभे राहून खाली बघतायत? जेवले का?… हे पण नाही जेवले गं. दोन घास खाल्ले आणि उठले… म्हणजे फोन त्यांनीच करायला लावला ना? साखर म्हणे! मेलं लपवताही येत नाही ह्या माणसांना.

काय पुटपुटतायत?… 'कप्पी उलटी फिरवतोय.' कुठली कप्पी?… बेल्ट ताणून धरते ती. हं. डावीकडे… पाना खालच्या बाजूनं घालून. थांब, सांगते. अहो! ऐकलं का? ती बेल्टची कप्पी आहे ना, ती डावीकडे फिरवून बघा!… मला? मला आपलं वाटलं… अहो, मिक्सरचं भांडं नाही का, उलटं फिरवलं की निघतं, तसं!… नाही, मैत्रीण कशाला सांगेल? तिला काय कळतंय गाडीतलं!

वर बघितलं गं. आधी माझ्याकडे, मग वर चादरीकडे… अगं, मागे सरका म्हणावं त्यांना! चादरीखालून पाय दिसतायत!

फिरली. डावीकडेच फिरली… नको, सांगू नकोस भाऊजींना. 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणून वरून ओरडतील.

आता मला बोलावतायत. पाना धरायला. ठेवू नकोस हं. फोन इथेच खिडकीत ठेवते… आले हो, आले!

…

हं. आले… आहेस का? नाही जमलं गं. ती कप्पी पान्यानं ओढून धरायची, जीव खाऊन, आणि दुसऱ्यानं बेल्ट चढवायचा. हात सैल पडला की फाटकन जागेवर येते. मी धरली, दोन्ही पाय रोवून धरली, आणि ऐन वेळी सुटली. ह्यांच्या बोटांची सालटी निघाली… नाही, ओरडले नाहीत. तेच तर. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसते बसून राहिले बंपरवर, हाताकडे बघत. तेवीस वर्षं मी तो हात बघतेय, केसाएवढी स्प्रिंग उचलताना हलत नाही. आज साधं फडकं धरवत नव्हतं त्याला.

किती वाजले?… सव्वातीन. आणि म्हणाले काय माहितीये? 'राहू दे. घेऊन जाऊ दे त्याला.' हळूच म्हणाले.

हे दोन हातांचं कामच नाही. चार हात लागतात आणि त्यातले दोन माझे चालत नाहीत. भाऊजींना पाठव… काय म्हणतायत?… 'बोलावलं तर येईन.' अरे देवा! ह्यांनी बोलवायचं? हे एक वेळ गाडी खांद्यावर घेऊन भंगारात नेतील, पण…

थांब. थांब थांब. काहीतरी म्हणाले. इंजिनात तोंड घालून म्हणाले… 'कुणीतरी जरा हात लावला असता तर बरं झालं असतं.'… मला? अगं, माझा हात आत्ताच लावून झालाय! मला नाही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, वरपर्यंत जाईल असं. ऐकलं का भाऊजींनी?

'मला म्हणाला का?' असं विचारतायत?… त्यांना म्हणावं, ह्या घरात 'कुणीतरी' म्हणायला दुसरं उरलंय कोण?… नाव घेतलं नाही म्हणे! मग आता नाव घालून पत्रिका छापू का? लोट त्यांना. चादर ओढून काढ आणि लोट.

उतरतायत? हो, चपलांचा आवाज येतोय. तू गप्प बस आता. मी पण गप्प.

…

आले. समोरासमोर उभे आहेत. बघतायत मात्र दोघंही इंजिनाकडे, जसं काही त्यानंच दोघांना बोलावलंय. भाऊजींनी बाह्या सारल्या. पाना… ह्यांनी दिला गं! हातात दिला! भाऊजी म्हणाले, 'डावीकडे.' हे म्हणाले, 'माहीत आहे.'… अगं बोलले! 'माहीत आहे' म्हणाले! चौदा महिन्यांनी!… किंचाळू नकोस, कान गेला माझा.

चढला. बेल्ट चढला, पहिल्या फटक्यात. बघ, म्हणजे माझ्याच हातात काही नव्हतं.

आता बोल्ट. हे एकेक वाटी पुढे करतायत, भाऊजी लावतायत. 'वरचा आखूड'… 'खालचा लांब'… आता ती 'हा कुठला?'वाली वाटी. भाऊजींनी बोल्ट उलटसुलट करून बघितला. म्हणतायत, 'हा आपल्या गाडीचा नाहीच. शेजारच्या नळवाल्याच्या पेटीतला आहे.' अगं, खरंच की, पाने त्याच्याकडूनच आणलेत ना! हे हसले. तोंड फिरवून हसले, पण हसले.

थांब. भाऊजींनी पाना खाली ठेवला. खिडकीकडे बोट दाखवतायत, फळीवरच्या त्या चकचकीत डबड्याकडे… अगं, सांगतायत! स्वतःच सांगतायत! 'तो नवाच आहे. बुधवारी मीच बसवला होता. मला दिवा घालवता आला नाही, म्हणून चिठ्ठीत खोटं लिहिलं.' झालं. आता काही खरं नाही. मी डोळे मिटून घेतलेत, तू बघ. काय करतायत हे?… बोट पुसतायत? नुसती बोटं पुसतायत?

थांब, बोलले. 'नीट बसवला होतास. एक बोल्ट हलत नव्हता.'

हो, हेच म्हणाले. शब्द न शब्द. अगं, लग्न होऊन आल्यापासून ह्यांच्या तोंडून कुणाच्या कामाला 'नीट' म्हणून ऐकलेलं नाही मी. माझ्या तर कशालाच नाही… भाऊजी? खाली बघतायत. नाक पुसलं बाहीनं, आता नाकावर काळा पट्टा. बरे दिसतायत.

बॅटरीची काळी तार परत लावली. भाऊजी किल्ली फिरवतायत… ऐकलंस? चालू झाली! ऐक ऐक, फोन बाहेर धरते… दिवा? थांब ना, हे आत वाकून बघतायत… लाल. अगं, लालच आहे. दोन-दोन नवे अल्टरनेटर आणि दिवा लालचा लाल!

आणि हा बघ, टेम्पो आला. दोर, साखळी, सगळं घेऊन. चारच्या ठोक्याला! ह्यानं घड्याळ आमच्या दुकानातून घेतलेलं दिसत नाही… तो आत डोकावतोय. दिवा दिसला त्याला. 'उचलायची ना?' विचारतोय. हे? गाडीच्या छपरावर हात ठेवून नुसते उभे आहेत. बोला ना, बोला काहीतरी…

कोण बोललं? भाऊजी! 'आमची दुरुस्ती चालू आहे.' आमची म्हणाले!… तो ह्यांच्याकडे बघतोय. म्हणतोय, 'साहेब, तुम्हीच चार म्हणाला होतात.' आणि हे म्हणतायत… 'म्हणालो होतो. चुकलं माझं.'

ऐकलंस ना? मला एकटीला नाही ना ऐकू आलं? काळ्या दगडावरची रेघ, हातातल्या फडक्यानं पुसली!… जातोय तो. तोंड वाकडं करून जातोय, जाऊ दे. पाणी तरी विचारायला हवं होतं मी त्याला. पण पाणी पिऊन त्याचं मन बदललं असतं तर?

हो गं, पण तो दिवा. आज तो गेला, तरी दिवा जायला नको का? इंजिन बंद केलं. भाऊजी नळावर हात धुतायत आणि हे भिंग लावून परत आत. ती दुसरी, जाड लाल तार बघतायत. अल्टरनेटरकडून निघते आणि बॅटरीकडे जाते ती, आमच्या जेवणाच्या कागदावरची. तिचं अलीकडचं टोक दोघांनीही आवळलं, भाऊजींनी बुधवारी, ह्यांनी आज. आता पलीकडचं बघतायत, बॅटरीपाशीचं. बोट लावलं… हलली! अगं, तार हलली! हलायला नको ना ती?… तेच! तेच कारण! एक नट ढिला, बास! आठवडाभर कागद, तारा, भंगारवाला, आणि सगळी भानगड एका नटाची! थांब, आता ओरडतील बघ, सापडलं म्हणून…

हे काय करतायत?

अगं… आवळत नाहीत. काढतायत. बोटांनीच फिरवून पूर्ण काढला नट. मान वर केली, नळाकडे बघितलं… आणि खिशात टाकला. शर्टाच्या खिशात.

नाही गं, नीट पाहिलं मी. पाना हाताशी होता. आवळायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

बॉनेट लावतायत. भाऊजींना म्हणतायत, 'आज काही सापडत नाही रे. उद्या उजेडात बघू. सकाळी ये.' उजेडात! अगं, लख्ख ऊन आहे! घड्याळं विकणारा माणूस, आणि चार वाजता अंधार झाला ह्यांचा!… हो, 'रे' म्हणाले. मी पण ऐकलं.

मी? मी काही पाहिलं नाही. तू पण पाहिलं नाहीस. भाऊजींना चुकूनही बोलू नकोस, ह्या वेळी शपथ माझी…

काय?… भाऊजींनी पाहिलं? खिशात टाकताना?… नक्की? ते तर पाठमोरे होते… मान वळवून बघितलं. तू वरून बघत होतीस… मग बोलले का नाहीत काही? काय म्हणाले?

'किती वाजता येऊ' म्हणाले.

…

नाही गं. काही नाही झालं. फळी पुसतेय जरा… तू आत जा गॅलरीतून. असं बघायचं नसतं… हो. ठेवते. ठेव तू.